विश्लेषण : डिशवॉशर आला, पण सांडपाण्याचे काय?

करोना टाळेबंदीत भांडी घासण्याचे काम घरच्यांच्याच अंगावर आले आणि शहरी स्वयंपाकघरांत डिशवॉशरची चर्चा सुरू झाली. यंत्र निवडताना पाणी किती लागते, कढई मावते का, याचा कीस पाडला जातो. वापरलेले पाणी कुठून जाणार, हा प्रश्न मात्र जोडणीच्या दिवशी पडतो. कंपनीचा माणूस सहसा घरातल्या पाइपांना हात लावत नाही आणि प्लंबर तेव्हा हजर नसतो. मग यंत्राची नळी मिळेल त्या भोकात खोचली जाते. ही तडजोड महागात पडते.

ट्रॅप कशासाठी?

सिंकखालच्या ट्रॅपमध्ये थोडे पाणी कायम साचून राहते. गटारातील वायू त्यामुळेच घरात येत नाही. नळी ट्रॅपच्या पुढे जोडली तर या वायूला आडवाट मिळते. ती अलीकडे, सिंकच्या बाजूलाच जोडायला हवी. २००३ मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स वसाहतीत सार्स पसरला, तेव्हा न्हाणीघरांतील कोरडे पडलेले ट्रॅप हे त्याचे एक कारण मानले गेले.

नळी उंच का न्यायची?

नळी आधी ओट्याच्या तळापर्यंत वर नेऊन मग खाली उतरवावी. नाहीतर सिंक तुंबल्यावर खरकटे पाणी उलटे यंत्रात शिरते. उंचीची मर्यादा यंत्राच्या पुस्तिकेत असते.

काय करून घ्यावे?

घड्यांच्या लवचीक वेस्ट पाइपमध्ये तेलकट गाळ अडकतो. त्याऐवजी गुळगुळीत, कडक पाइप घ्यावा. आडव्या पाइपला मीटरमागे सुमारे अडीच सेंटीमीटर उतार असावा. यंत्रासाठी वेगळे तोंड असलेला बॉटल ट्रॅप मिळतो. हे तोंड अनेकदा बंद असते. ते न उघडता नळी बसवली तर पाणी यंत्रातच राहते. शेवटी सिंक काठोकाठ भरून एकदम सोडावे आणि प्रत्येक सांधा कोरड्या कागदाने तपासावा.

गळती ओट्याखालच्या कपाटापुरती राहत नाही. ती खालच्या मजल्यावरील छतावर उमटते आणि वाद सोसायटीच्या बैठकीत पोहोचतो. वॉशिंग मशीनसाठी नळ आणि निचरा देणाऱ्या बिल्डरांनी डिशवॉशरचीही सोय आराखड्यातच करावी. तोवर ओटा बदलायला काढणाऱ्यांनी आधी पाइपांचे काम करून घ्यावे, ग्रॅनाइट नंतर निवडावे.