टाळीचे मोल

दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धा घरी बसून पाहणे निराळे आणि तिचे चित्रीकरण चालू असता प्रेक्षागृहात बसणे निराळे. पेण किंवा रोह्याची चार मुले मिळून असे चित्रीकरण पाहावयास मुंबईस जातात, तेव्हा हा फरक त्यांच्या ध्यानी येतो. घरी तासाभरात संपणारा कार्यक्रम तेथे कित्येक तास रेंगाळतो. दिव्यांची मांडणी बदलते, ध्वनिक्षेपक तपासले जातात, निवेदकाचे वाक्य चुकले की ते पुन्हा म्हटले जाते. आणि सर्वांत नवल टाळ्यांचे! कॅमेऱ्याच्या बाजूस उभा असलेला एक मनुष्य हात उंच करून खूण करतो आणि सारे प्रेक्षागृह टाळ्या वाजवू लागते. पुष्कळदा गाणे सुरू होण्यापूर्वीच टाळ्या आणि हसरे चेहरे टिपून ठेवतात व पुढे हवे तेथे जोडतात. न ऐकलेल्या गाण्याला ही दाद!

ही निव्वळ फसवणूक आहे असे म्हणणे थोडे अन्यायाचे होईल. रंगभूमीवरचा पाऊस खरा नसतो, म्हणून कोणी नाटककारावर रागावत नाही. परंतु पाऊस आणि टाळी यांत एक भेद आहे. रंगभूमीवरचा पाऊस कोणाला भिजवीत नाही. टाळी मात्र समोर उभ्या असलेल्या एका खऱ्या मुलाच्या कानी पडते आणि ते मूल तिच्यावरून आपली पारख करू लागते. मुलांच्या श्रमाची काळजी कायद्याने घेतली आहे. २०१७ च्या नियमांप्रमाणे बालकलावंताकडून दिवसाला ५ तासांपेक्षा अधिक काम घेता येत नाही, सलग ३ तासांनंतर विश्रांती द्यावीच लागते आणि त्याच्या कमाईचा निदान पाचवा हिस्सा त्याच्या नावे बँकेत ठेवावा लागतो. दाद खरी असावी, असा नियम मात्र कोणतेही सरकार करू शकणार नाही. ते काम श्रोत्यांचेच.

२००८-०९ साली झी मराठीवर 'सा रे ग म प' या कार्यक्रमाचे 'लिटल चॅम्प्स' हे बालगायकांचे पर्व गाजले. कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, रोहित राऊत आणि मुग्धा वैशंपायन ही पाच मुले शेवटच्या फेरीत होती. मुग्धा पाचांत सर्वांत लहान, आणि अलिबागची. म्हणजे पेणकरांची शेजारीणच. रायगडकरांना तिचा अभिमान वाटावा यात गैर ते काय? पण कार्तिकी किंवा प्रथमेश उत्तम गायले असता, ते आपल्या जिल्ह्याचे नाहीत म्हणून ज्याने हात आखडता घेतला असेल, त्याने गाणे ऐकलेच नाही. त्याने केवळ गावाचे नाव ऐकले. अखेर कार्तिकी विजयी ठरली. त्यामुळे उरलेल्या चौघांच्या गळ्यातील एकही सूर कमी झाला नाही.

वास्तविक पारख करणे हे कोकणाला नवे नाही. शक्ती-तुऱ्याच्या सामन्यात एक शाहीर कवनातून सवाल टाकतो आणि दुसरा जबाब देतो. जबाब चोख असेल तर वाहवा उठते. नसेल तर लोक गप्प राहतात, मग शाहीर त्यांच्याच गावचा का असेना! पेणच्या गणपतीच्या कारखान्यातही हेच दिसते. डोळ्यांची आखणी साधली नसेल, तर जाणते गिऱ्हाईक चकाकणाऱ्या रंगाला भुलत नाही. ते पुढच्या मूर्तीकडे वळते. अशा मुलखातील मुलांनी परक्याच्या खुणेवर विसंबावे, हे काहीसे विपरीत आहे.

खूण झाली म्हणजे त्यांनी टाळ्या वाजवू नयेत, असे नाही. पाहुण्याने घरच्यांची रीत पाळावीच. परंतु निकाल लागल्यावर सारे कॅमेरे विजेत्याकडे वळतात. त्या वेळी स्पर्धेतून बाद झालेले मूल आईचा हात धरून पायऱ्या उतरत असते, आणि खूण करणाऱ्या मनुष्याचे तिकडे लक्षही नसते. त्याचे गाणे ज्यांना मनापासून आवडले असेल, त्यांनी तेव्हा उठून टाळ्या वाजवाव्यात. त्या दूरचित्रवाणीवर दिसणार नाहीत. रोह्याची गाडी गाठण्याची घाई असली, तरी एवढ्यासाठी उशीर होत नाही.