गुण कोठें गेले ?

पार्ले, अंधेरी, बोरिवली या आमच्या उपनगरांतील पुष्कळ घरांतून मुलें आतां जिम्नॅस्टिक्सच्या वर्गास जातात, आणि स्पर्धेच्या दिवशीं आईबापांचा एकच प्रश्न असतो : मुलगी पडली नाहीं, अडखळली नाहीं, मग गुण कोठें गेले ?

प्रश्न रास्त आहे. पण तो शाळेच्या हिशेबानें विचारलेला आहे. उत्तरपत्रिका तपासतांना आम्ही शिक्षक शून्यापासून आरंभ करून गुण मिळवीत जातों. येथें दोन उलट रीती एकत्र नांदतात. २००६ पासून आंतरराष्ट्रीय नियमांत गुणांचे दोन भाग झाले. कांहीं परीक्षक कसरतीचें काठिण्य मोजतात. तो आंकडा शून्यापासून वर चढतो. दुसरे केवळ सफाई पाहतात. तो दहांपासून खालीं उतरतो. गुडघा वाकला, पावलें विलग झालीं, उतरतांना एक पाऊल जास्त पडलें, कीं चुकीच्या मानानें ०.१, ०.३ किंवा ०.५ वजा, पडल्यास पुरा १. अर्ध्या मात्रेवर जीव टाकणारे वैयाकरण आम्हीं पाहिले आहेत. हे परीक्षक त्यांचेच भाऊबंद. टोकाचे आंकडे गाळून उरलेल्यांची सरासरी घेतात, म्हणून एकट्याच्या लहरीस फारसा वाव राहत नाहीं.

पूर्वीं दहा ही परमावधि होती. १९७६ मध्यें माँट्रियल येथें नादिया कोमानेची यांस १० गुण मिळाले, तेव्हां फलकावर दहा दाखविण्याची सोयच नव्हती, १.०० उमटले !

आतां काठिण्यास वरची मर्यादा नाहीं, आणि मोह येथेंच आहे. २०१६ सालीं रिओ येथें त्रिपुरेच्या दीपा कर्माकर यांनीं प्रोदुनोव्हा ही उडी घेतली : हातांवरून उसळून हवेंत पुढें दोन कोलांट्या. काठिण्य ७, सफाई ८.२६६. दोन उड्यांची सरासरी १५.०६६ झाली, कांस्यपदक १५.२१६ ला गेलें. ही उडी चुकल्यास मानेवर आदळण्याचें भय असतें, आणि पुढील नियमावलींत तिचें मूल्य उतरविण्यांत आलें. दीपांमागें वर्षांची तयारी होती. दहा वर्षांच्या पोरीस केवळ वरचा आंकडा फुगविण्यासाठीं अवघड उडी शिकविणाऱ्या गुरूंविषयीं मात्र आम्हांस धास्ती वाटते. आईबापांनीं एकूण बेरीज न विचारतां दोन्ही आंकडे वेगळे मागून घ्यावे, आणि दुसरा घसरत असेल तर नवी उडी कांहीं महिने लांबणीवर टाकण्यास सांगावें.