गाईची तपासणी चालते, मालकाची का नको?



या पानावर आम्ही एरवी लागणीविषयी, बेणेप्रक्रियेविषयी, नाहीतर खोडव्यातल्या पाचटाविषयी लिहितो. आजचा विषय निराळा आहे. तो कारखान्याच्या वार्तापत्रात शोभेल का, असे कचेरीतल्या दोघा-तिघांनी आम्हाला विचारले. आमचे म्हणणे एवढेच, की ऊस लावणारा माणूस धड राहिला तरच फडात ऊस उभा राहणार. म्हणून लाज बाजूला ठेवून लिहीत आहोत.

मागल्या उन्हाळ्यात ठिबकची पाहणी करायला आम्ही एका सभासदांच्या वस्तीवर गेलो होतो. त्याच वेळी गोठ्यात जनावरांचे डॉक्टर आले होते. संकरित गाईला रेतन करून तीन महिने होत आले होते, ती गाभण आहे का ते बघायचे होते. डॉक्टरांनी खांद्यापर्यंत प्लॅस्टिकचा मोजा चढवला, शेणाच्या वाटेने हात आत घालून पिशवी चाचपली आणि दोन मिनिटांत सांगितले, "गाभण आहे." घरची बायामाणसे, पोरेटोरे उभी राहून बघत होती. कुणालाच वावगे वाटले नाही.

मग थोरल्या मुलाने आम्हाला बाजूला घेतले. वडिलांना रात्रीतून पाच-सहा वेळा लघवीला उठावे लागते, धार बारीक झाली आहे, लघवी झाली तरी झाल्यासारखी वाटत नाही. तालुक्याच्या डॉक्टरांनी "बोटाने तपासावे लागेल" म्हणताच हे पायताण घालून थेट घरी आले. आम्ही समजावू लागलो तर म्हणाले, "सायेब, जनावराचं येगळं, मानसाचं येगळं."

ते बोल आम्हाला लागले, कारण आमच्या घरात हेच घडले आहे. आमच्या थोरल्या बंधूंना शौचातून रक्त जाई. घरच्यांनी, शेजारच्यांनी आणि खुद्द त्यांनी मूळव्याध ठरवून टाकली. तिखट बंद केले, पुड्या खाल्ल्या, रस्त्याकडेच्या पाट्या वाचून दोन ठिकाणी औषधे घेतली. दीड वर्ष असेच गेले. तपासू का, असे कुणी विचारले नाही आणि विचारले असते तरी भाऊंनी तपासू दिले नसते. वजन उतरले तेव्हा शहरात नेले. तिथे सर्जननी बोट घातले आणि गाठ लागली. कर्करोग होता आणि तो पसरला होता. ऑपरेशन झाले, पोटावर पिशवी आली, पण भाऊ फार दिवस राहिले नाहीत. गाठ बोटाच्या टप्प्यात होती, पहिल्याच महिन्यात लागली असती, असे डॉक्टर म्हणाले. ते वाक्य आम्ही अजून विसरलेलो नाही.

शेतात आपण असे वागतो का? कोवळ्या उसाचा पोंगा सुकलेला दिसला की आधी तो ओढून बघतो. सहज हातात आला आणि कुजका वास आला, की खोडकिड आहे हे कळते, मग औषध. उसाला न बघता औषध घालत नाही आणि स्वतः मात्र न बघता मूळव्याधीचे औषध खातो.

सख्ख्या भावाला हा आजार झाला म्हणून आम्हालाही तपासून घ्यावे लागले. भीती होती, खोटे कशाला सांगू? पण घडते ते एवढेच. उपाशी जावे लागत नाही, सुई नाही, भूल नाही. आधी लघवी करून घ्यावी. पडद्याआड डाव्या कुशीवर झोपवून गुडघे पोटाशी घ्यायला सांगतात, किंवा टेबलाला हात टेकवून वाकून उभे करतात. डॉक्टर आधी बाहेरून बघतात. मग हातमोजा घातलेल्या एका बोटाला बुळबुळीत जेली लावून ते बोट सावकाश आत घालतात. त्या वेळी अंग आवळू नये, तोंडाने श्वास सोडावा. परसाकडे लागल्यासारखे वाटते, प्रोस्टेटची गाठ दाबली की लघवी लागल्यासारखे वाटते, पण तसे काही होत नाही. बहुधा मिनिटाच्या आत सगळे उरकते. अवघडल्यासारखे होते, दुखत मात्र सहसा नाही. चीर पडलेली असेल तर दुखते, ते आधी सांगावे. "थांबा" म्हटले की डॉक्टर थांबतात. भगिनींनी स्त्री डॉक्टर मागावी, निदान नर्सला जवळ उभे राहायला सांगावे. तो आपला हक्क आहे. आम्ही तपासून घेऊन त्याच दुपारी गट ऑफिसला कामावर हजर होतो.

या एका बोटाला बरेच कळते. प्रोस्टेट ही पुरुषाच्या मूत्राशयाखाली असलेली अक्रोडाएवढी गाठ. वय वाढते तशी ती बहुतेकांची वाढते आणि लघवी अडवते, तो कर्करोग नव्हे. वाढलेली पण मऊसर आहे, की कुठे दगडासारखी टणक लागते, हे बोटाला समजते. गुदाशयातली गाठ समजते, मोज्याला रक्त लागले तर दिसते. बोट ७-८ सेंटिमीटरपर्यंतच पोचते, हेही ध्यानात असावे. आतली मूळव्याध बोटाला बहुधा लागत नाही, ती छोट्या नळीतून बघावी लागते. म्हणून "बोटाला काही लागले नाही" एवढ्यावर रक्त जाण्याचा विषय संपत नाही. डॉक्टर पुढे दुर्बिणीची तपासणी सांगतील, प्रोस्टेटसाठी पी.एस.ए. ही रक्ताची चाचणी सांगतील. तीही करावी. आमची दुर्बिणीची तपासणीही झाली आहे.

काहीच त्रास नसलेल्या प्रत्येकाने दरवर्षी बोटाने तपासून घ्यावे, असे आम्ही सांगत नाही. पन्नाशीनंतर डॉक्टरांशी बोलून ठरवावे, घरात बापाला किंवा भावाला असा आजार झाला असेल तर त्याच्या आधीच विचारावे. पण शौचातून रक्त जाते, परसाकडची सवय काही आठवडे बिघडली आहे, पोट साफ झाल्यासारखे वाटत नाही, वजन उतरते आहे, लघवी अडते किंवा तिच्यातून रक्त जाते, अशा वेळी तपासणीवाचून गोळ्या घेऊन घरी येऊ नये. डॉक्टरांनी नाही काढले तर आपण म्हणावे, "साहेब, तपासून बघा."

संचालक मंडळालाही एक सूचना करतो. आपल्याकडे आरोग्य शिबिर भरते ते मांडवात. तिथे रक्तातली साखर आणि रक्तदाब बघतात, चष्म्याचे नंबर काढतात. चारचौघांत हा त्रास कोण सांगणार? पुढच्या शिबिरात दार लावता येईल अशी एक खोली आणि एक सर्जन ठेवावा. तोडणी-वाहतुकीच्या मजुरांनाही त्यात घ्यावे, त्यांच्यासाठी शिबिर हंगाम चालू असतानाच व्हावे. खर्च फार नाही.

त्या सभासदांकडे आम्ही दोनदा जाऊन आलो. तिसऱ्या खेपेला ते आमच्या मोटारसायकलवर मागे बसले आणि तालुक्याला आले. खोलीतून बाहेर आल्यावर आमच्याकडे न बघता म्हणाले, "एवढंच व्हय?" प्रोस्टेट वाढलेली आहे, टणक काही लागले नाही. गोळ्या चालू आहेत आणि आता रात्री एकदाच उठतात.

आमचे बंधू असते तर त्यांनाही असेच मागे बसवून नेले असते. तुमच्या घरात असे कुणी असेल तर त्याला घेऊन जा, एवढीच विनंती.

— ऊस विकास अधिकारी