दोष एकट्या मणक्याचा नाही

कंबरदुखी जुनी झाली की आपल्याकडे तिचा निकाल एका वाक्यात लागतो : "मणक्यात गॅप आहे." डॉक्टर हे म्हणतात, नातेवाईक म्हणतात आणि काही दिवसांनी रुग्णही कोणी विचारायच्या आत तेच सांगू लागतो. रिपोर्टमध्ये एल-४, एल-५ असते, 'डिस्क बल्ज' असते. तेवढ्यावर कमरेला पट्टा लागतो, ट्रॅक्शन सुरू होते, वाकायचे नाही, काही उचलायचे नाही अशी ताकीद मिळते आणि क्वचित ऑपरेशनची तारीखही ठरते. पण कित्येकांची कंबरेसोबत मान दुखते, खांदे आणि मांड्याही दुखतात. रात्रभर झोपूनही सकाळी अंग ठेचून काढल्यासारखे असते. बोलता बोलता साधा शब्द आठवत नाही. अशा माणसांच्या बाबतीत हा निकाल अपुरा आहे, आणि त्याची किंमत त्यांनाच मोजावी लागते.

या अंगभर पसरलेल्या दुखण्याला फायब्रोमायल्जिया म्हणतात. साधारण शंभरात दोन ते चार माणसांना ते असते आणि त्यांत बायका जास्त. त्याची चर्चा सुरू झाली तीच कंबरेपासून. लंडनचे मज्जाविकारतज्ज्ञ विल्यम गॉवर्स यांनी १९०४ साली कंबरदुखीवर व्याख्यान दिले आणि स्नायूंच्या तंतूंना सूज येत असावी असे मानून 'फायब्रोसायटिस' हे नाव सुचवले. पुढे ती सूज कुणाला सापडली नाही, म्हणून १९७० च्या दशकात नाव बदलले. दुखणे मात्र खरे होते.

"फोटोत दिसतंय, मग आणखी काय पुरावा हवा?" हा पहिला आक्षेप, आणि सर्वांत वजनदार. पण फोटोत काय दिसते ते नीट पाहू. कंबर अजिबात दुखत नसलेल्या ३,११० माणसांच्या मणक्यांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ साली एक आढावा प्रसिद्ध झाला. पन्नाशीच्या माणसांत ८० टक्क्यांच्या मणक्यांमधल्या चकत्या (डिस्क) झिजलेल्या होत्या आणि ६० टक्क्यांच्या चकत्या फुगलेल्या. विशीतल्या पोरांतसुद्धा ३७ टक्क्यांना झीज होती. म्हणजे केस पांढरे होतात तशाच चकत्याही झिजतात. पायात कळ उतरत असेल, पंजा उचलत नसेल, तर एमआरआयला पर्याय नाही. नुसत्या जुनाट दुखण्यात मात्र फोटोतला 'बल्ज' आणि रुग्णाची वेदना यांचे नाते सिद्ध करावे लागते. ते गृहीत धरून चालत नाही.

दुसरा आक्षेप याच्या उलट टोकाचा. रिपोर्ट साफ आले की "काही नाही, टेन्शन घेऊ नका" असे म्हणून बोळवण होते, आणि घरी त्याचाच अर्थ "कामाचा कंटाळा" असा लावला जातो. याचा मला मनापासून राग येतो, कारण हे खोटे असल्याचा पुरावा वीस वर्षांहून जुना आहे. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी २००४ साली केलेला प्रयोग पाहा. त्यांनी तीन प्रकारची माणसे घेतली : फायब्रोमायल्जियाचे रुग्ण, ठोस कारण न सापडलेल्या जुनाट कंबरदुखीचे रुग्ण आणि निरोगी माणसे. त्यांनी कंबरेला हातच लावला नाही. दाब दिला तो अंगठ्याच्या नखावर, सर्वांना सारखा, आणि त्याच वेळी मेंदूचे चित्रण केले. ज्या दाबाने निरोगी माणसाला जेमतेम जाणवले, त्याच दाबाने दोन्ही प्रकारच्या रुग्णांना खरी वेदना झाली आणि मेंदूतली वेदनेशी संबंधित केंद्रे कितीतरी अधिक जागी झाली. तक्रार कंबरेची, आणि दुखले नख! म्हणजे वेदना हाताळणारी यंत्रणाच तिखट झाली होती, आणि हा तिखटपणा दोन्ही दुखण्यांत सारखा होता. या नात्याचा याहून स्वच्छ पुरावा मला माहीत नाही.

झोपेचे आणि या दुखण्याचे नातेही प्रयोगात दिसले आहे. कॅनडाचे हार्वे मोल्डोफ्स्की यांनी १९७५ साली निरोगी तरुणांची गाढ झोप आवाज करून रात्रीमागून रात्री मोडली. त्यांचे स्नायू दुखू लागले आणि दाबल्यावर हुळहुळू लागले. तेव्हा "झोप लागते का?" हा प्रश्न सहानुभूतीपोटी विचारायचा नसतो, तो निदानाचा भाग असतो.

हे शहरातल्या सुखवस्तू बायकांचे दुखणे आहे, असेही कुणी म्हणतात. डॉ. अरविंद चोप्रा यांनी पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये १९९६ पासून घरोघर जाऊन स्नायू-सांध्यांच्या तक्रारींची पाहणी केली. तिथे कोणत्याही ठरावीक सांधेविकाराच्या नावात न बसणाऱ्या दुखण्यांचा वाटा मोठा होता. राबणारी माणसे होती ती.

राहिला तिसरा आक्षेप. तो डॉक्टरांकडूनच येतो आणि त्यात तथ्य आहे. ना रक्ततपासणी, ना फोटो. काही सापडले नाही की हे नाव चिकटवून मोकळे व्हायचे, हे कसले निदान? मान्य, असे होते. आपल्याकडे ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेने हाडे मऊ पडून अंग दुखते, थायरॉइड मंदावल्यानेही दुखते. तरण्या मुलाची कंबर पहाटे आखडते आणि हालचालीने मोकळी होते, तेव्हा अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस या मणक्याच्या संधिवाताचा विचार आधी करायला हवा. ताप, घटते वजन, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे यांवर फायब्रोमायल्जियाचा शिक्का मारणे हा गुन्हाच. पण नावाचा गैरवापर होतो म्हणून आजार खोटा ठरत नाही. अर्धशिशीसुद्धा ऐकून-विचारूनच ओळखतात. फायब्रोमायल्जियाचे निकष ठरलेले आहेत : शरीराच्या १९ भागांपैकी किती दुखतात, थकवा, झोप आणि विस्मरण किती, आणि हे तीन महिने टिकले आहे का. त्या १९ भागांत कंबर आहेच. आणि २०१६ च्या सुधारित निकषांत स्पष्ट म्हटले आहे की दुसरा आजार असला तरी हे निदान बाद होत नाही. मणका झिजलेला असू शकतो आणि त्याच माणसाला फायब्रोमायल्जियाही असू शकतो. 'हे की ते' हा वादच चुकीचा आहे.

म्हणून माझे म्हणणे असे, की जुनाट कंबरदुखीच्या प्रत्येक रुग्णाचे सगळे अंग विचारात घ्यावे. काहींचे दुखणे कंबरेत सुरू होऊन वर्षानुवर्षांनी अंगभर पसरते, काहींचे आधीच पसरलेले असते आणि कंबर फक्त जास्त बोलते. मिशिगनच्याच वेदना-चिकित्सालयात मणक्याच्या दुखण्यासाठी आलेल्यांपैकी सुमारे ४२ टक्के रुग्ण फायब्रोमायल्जियाच्या निकषांत बसले. हे मोठ्या केंद्रात पाठवलेले अवघड रुग्ण होते, गल्लीतल्या दवाखान्यात प्रमाण कमी असेल. तरीही दुर्लक्ष करण्याइतके ते कमी नसणार.

निदानाने उपचार बदलतो, आणि कळीचा मुद्दा तोच आहे. गॅप मानला की विश्रांती आणि पट्टा. फायब्रोमायल्जियात नेमके हेच बाधते. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ च्या शिफारशींत एकाच उपायाला ठाम पाठिंबा दिला, तो व्यायामाला. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटे चालणे, पाण्यातला व्यायाम, हळूहळू वाढ. सुरुवातीला दुखणे थोडे वाढते, हे रुग्णाला आधीच सांगावे लागते, नाहीतर तो तिसऱ्या दिवशी चपला कोपऱ्यात ठेवतो. कमी मात्रेतली अमिट्रिप्टिलीन, ड्युलोक्सेटिन, प्रेगॅबालिन यांचा काहींना उपयोग होतो. अफूजन्य वेदनाशामके मात्र टाळावीत. आणि चकतीवर शस्त्रक्रिया केली तरी तिखट झालेली यंत्रणा जागच्या जागी राहते. मग ऑपरेशन उत्तम होऊनही माणूस पूर्वीइतकाच दुखत घरी येतो आणि दोष त्याच्या नशिबाला दिला जातो.

ओपीडीत वेळ कुठे आहे, असे विचारले जाईल. माणसाच्या आकृतीचा, दुखरे भाग रंगवायचा एक छापील कागद असतो. खाली थकवा, झोप, विस्मरण यांचे तीन प्रश्न. मराठीत छापला तर बाकावर नंबरची वाट पाहत बसलेली बाई तो स्वतःच भरेल, वाचता येत नसेल तर सोबतची मुलगी विचारून भरेल. मणक्याच्या ऑपरेशनचे संमतीपत्र पुढे करण्याआधी प्रत्येक सर्जनने हा कागद मागवावा, आणि तो मागवला नसेल तर रुग्णाने विचारावे : डॉक्टर, बाकीचे अंग का दुखते, ते आधी सांगाल का?