फुटबॉल कोच व्हायचंय, पण पद कुठंय?

ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील भारतीय फुटबॉल संघाचे कोच झाले. २००९ मध्ये मुंबई एफसीपासून सुरुवात, २०१७ मध्ये ऐझॉलसारख्या छोट्या क्लबला आय-लीग जिंकून दिली, मग इतर क्लब, मग देश. अमेरिकेत ब्रुस अरेना यांनी तर व्हर्जिनिया विद्यापीठाच्या टीमपासून राष्ट्रीय संघापर्यंत मजल मारली.

आपल्या बीडच्या कॉलेजात मात्र ‘फुटबॉल कोच’ असं पदच नसतं. असतो तो क्रीडा संचालक. त्यासाठी ५५ टक्क्यांनी एमपीएड, वर नेट-सेट किंवा पीएचडी, खेळल्याचं रेकॉर्ड आणि फिटनेस टेस्ट. फुटबॉल महासंघाचं कोचिंग लायसन्स यूजीसीच्या या अटींत नाहीच! नेमणूक झाली तरी कबड्डी, खो-खो, ॲथलेटिक्स सगळं एकट्याच्याच गळ्यात. त्यात फुटबॉलला किती वेळ उरणार?

मग बीपीएड झालेली पोरं भरती अकॅडमी काढतात. पोलीस भरतीचे १६०० मीटर, गोळाफेक यांची तयारी करून घेतात. फी येते, घर चालतं. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही.

पण खेळाचं नुकसान होतंच. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेला स्टीपलचेस सापडली ती सैन्यात गेल्यावर.

तरीही याच वाटेने जायचं असेल तर सेटचा अभ्यास आणि डी लायसन्स दोन्ही धरा. दोन्ही झेपत नसेल तर लायसन्स आधी करा. जागा निघायची वाट बघण्यापेक्षा पुण्या-मुंबईच्या खासगी अकॅडमीत त्यावर काम शोधता येतं.