विश्लेषण : दोन किलोमीटरवर मारा करणारी रायफल परवान्यावर मिळते का? तिचा ‘रिकॉइल’ किती असतो?

मोबाइल गेममध्ये आकाशातून पेटी पडते, त्यातून ‘एडब्ल्यूएम’ निघते आणि एका गोळीत समोरचा गारद होतो. रिकॉइल आलाच तर अंगठ्याने स्क्रीन थोडी खाली ओढायची. खुलताबादच्या कट्ट्यांवर असो की पुण्याच्या हॉस्टेलमध्ये, हा खेळ खेळणाऱ्या अनेकांना दोन प्रश्न हमखास पडतात. अशी रायफल खरोखर मिळते का? आणि तिचा झटका खरोखर किती बसतो? पहिल्या प्रश्नाचे उत्तर कायद्यात आहे, दुसऱ्याचे अकरावीच्या भौतिकशास्त्रात.

‘लार्ज कॅलिबर’ म्हणजे नेमके काय?

कॅलिबर म्हणजे ढोबळमानाने नळीचा आतला व्यास. लष्कराच्या इन्सास रायफलचे कॅलिबर ५.५६ मिलिमीटर आहे, जुन्या एसएलआरचे ७.६२. लांब पल्ल्याच्या स्नायपर रायफलींत सध्या पॉइंट ३३८, म्हणजे सुमारे ८.६ मिलिमीटरचा बोलबाला आहे. त्यावरचा वर्ग पॉइंट ५० चा, म्हणजे १२.७ मिलिमीटरचा. या वर्गातील रायफलींना ‘अँटी मटेरियल’ म्हणतात. बंकर, रडार, वाहनांचे इंजिन, उभी विमाने हे त्यांचे मुख्य लक्ष्य असते.

पॉइंट ५० च्या गोळीचा उपयुक्त पल्ला सुमारे १,८०० मीटर धरला जातो. पण नेम चुकला म्हणून गोळी तिथेच थांबत नाही. योग्य कोनात सुटल्यास ती सहा किलोमीटरहून अधिक अंतर कापू शकते. खुलताबादहून वेरूळ साधारण चार किलोमीटरवर आहे, यावरून अंदाज यावा.

युक्रेनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्या स्नायपरने ३,८०० मीटरवरील लक्ष्य टिपल्याचा दावा केला. त्यासाठी वापरलेली रायफल १२.७ मिलिमीटर वर्गातील होती.

रिकॉइल का बसतो आणि किती?

दौलताबादच्या किल्ल्यावरील मेंढा तोफ अनेकांनी पाहिली असेल. त्या तोफेला आणि आजच्या रायफलीला नियम एकच लागू होतो. गोळी आणि तिच्यामागचा वायू जितक्या संवेगाने पुढे जातो, तितकाच संवेग शस्त्राला मागे मिळतो. तोफेचा झटका गाडा किंवा बुरूज सोसतो, रायफलीचा माणसाचा खांदा.

आता थोडे गणित. पॉइंट ५० ची गोळी साधारण ४३ ग्रॅमची असते आणि सेकंदाला सुमारे ९०० मीटर वेगाने सुटते. सोबत जवळपास १५ ग्रॅम दारूचा वायू त्याहून अधिक वेगाने बाहेर पडतो. रायफल साडेदहा किलोची धरली आणि झटका कमी करणारी कोणतीही सोय नसली, तर ती ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने खांद्यावर येते. ऊर्जा भरते सुमारे १५० ज्यूल. म्हणजे १५ किलोची धान्याची पिशवी एक मीटर उंचीवरून पडावी तितकी!

याच पद्धतीने ढोबळ हिशेब केला, तर इतर रायफलींचे आकडे असे येतात :

• ऑलिम्पिक नेमबाजीची पॉइंट २२ रायफल : एक ज्यूलपेक्षाही कमी
• इन्सास (५.५६ मिमी) : सुमारे ४ ज्यूल
• एसएलआर (७.६२ मिमी) : सुमारे १६ ज्यूल
• पॉइंट ३३८ स्नायपर : ३५ ते ४० ज्यूल
• पॉइंट ५० : सुमारे १५० ज्यूल

म्हणजे इन्सास ते पॉइंट ५० या प्रवासात कॅलिबर जेमतेम सव्वादोन पट होते, पण झटक्याची ऊर्जा ३५ पटींहून अधिक वाढते.

मग जवान हा झटका सोसतात कसे?

पहिला उपाय वजनाचा. संवेग तोच राहिला आणि शस्त्र जड झाले, तर मागे येण्याचा वेग घटतो. वरचीच गोळी २५ किलोच्या रायफलीतून सोडली, तर १५० ज्यूलचे सुमारे ६५ ज्यूल होतात. त्याची किंमत मात्र पाठीवर मोजावी लागते. इतके वजन घेऊन डोंगर चढणे एकट्याचे काम नाही.

दुसरा उपाय मझल ब्रेकचा. नळीच्या टोकाला बसवलेल्या या तुकड्यातील खाचांमधून वायू बाजूला आणि मागे वळवला जातो. त्यामुळे रायफल पुढे ओढली जाते आणि झटक्याचा मोठा भाग कमी होतो. पण आवाज वाढतो, धूळ उडते आणि नेमबाज कुठे लपला आहे, हे शत्रूला कळू शकते. तिसरा उपाय म्हणजे नळी आणि यंत्रणा चौकटीत मागे सरकू देऊन बफरने झटका शोषणे. याशिवाय दस्त्याला रबरी गादी असते आणि गोळीबार शक्यतो पालथे झोपून, दुपायी आधारावर केला जातो.

यातला कोणताही उपाय झटका शून्यावर आणत नाही. झटका बसणार या धास्तीने ट्रिगर दाबण्याआधीच अंग आकसते आणि नेम जातो. गेममध्ये ही धास्तीच नसते.

भारताकडे अशा रायफली कोणत्या?

लष्कराची भिस्त दीर्घकाळ ७.६२ मिलिमीटरच्या रशियन ड्रॅगुनोव्हवर होती. अँटी मटेरियल गटात दक्षिण आफ्रिकेच्या डेनेल कंपनीची एनटीडब्ल्यू-२० घेण्यात आली. मात्र लाचखोरीच्या आरोपांनंतर २००५ मध्ये या कंपनीशी व्यवहार थांबले. त्यानंतर तिरुचिरापल्लीच्या आयुध निर्माणीने ‘विध्वंसक’ ही देशी रायफल तयार केली. ती सीमा सुरक्षा दलाकडे आहे.

२०१९ मध्ये नियंत्रण रेषेवरील तुकड्यांसाठी अमेरिकी बॅरेट एम-९५ (पॉइंट ५०) आणि इटलीच्या बेरेटाची स्कॉर्पिओ टीजीटी (पॉइंट ३३८) तातडीने खरेदी करण्यात आल्या. २०२२ मध्ये फिनलंडची साको टीआरजी-४२ आली. बेंगळूरुच्या एसएसएस डिफेन्सने पॉइंट ३३८ ची देशी रायफलही विकसित केली आहे.

तरीही प्रश्न सुटलेला नाही, कारण रायफलीइतकेच महत्त्व काडतुसाला आहे. ५,७१९ स्नायपर रायफलींची मोठी निविदा २०१९ मध्ये मागे घ्यावी लागली. पुरवठादारांनी काडतुसांच्या तंत्रज्ञानाची माहिती न देणे, हे त्यामागचे एक कारण सांगितले गेले. ५.५६ आणि ७.६२ ची काडतुसे अजिंठ्याच्या घाटापलीकडे, जळगाव जिल्ह्यातील वरणगावच्या आयुध निर्माणीत तयार होतात. मोठ्या कॅलिबरचे अचूक काडतूस देशात पुरेसे तयार होत नाही, तोवर दुसऱ्या देशाच्या पुरवठ्याकडे पाहत बसावे लागते.

सामान्य नागरिकाला अशी रायफल मिळते का?

नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार स्वयंचलित शस्त्रे, तसेच रणगाडाविरोधी आणि विमानविरोधी शस्त्रे ‘प्रतिबंधित’ गटात येतात. लष्करी काडतूस चालणाऱ्या रायफलींवरही कडक निर्बंध आहेत. जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त परवाना देऊ शकतात तो बिगरप्रतिबंधित शस्त्रांचा. त्यासाठी सबळ कारण, पोलिसांचा अहवाल आणि शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण लागते. वय २१ पूर्ण नसेल, तर अर्जाचा विचारच होत नाही. परवाना पाच वर्षांचा असतो आणि एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन शस्त्रे बाळगता येतात.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रतिबंधित शस्त्र बेकायदा बाळगल्यास किमान ७ आणि कमाल १४ वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. वरातीत हवेत बार काढून इतरांचा जीव धोक्यात घातल्यासही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकते.

त्यामुळे सोशल मीडियावर कोणी ‘स्नायपर, घरपोच, ॲडव्हान्स पाठवा’ म्हणत असेल, तर शक्यता दोनच. एक तर पैसे बुडतील, नाही तर शस्त्र येईल आणि पाठोपाठ पोलीस येतील. दुसऱ्याचे शस्त्र हातात घेऊन रील करणाऱ्यावरही गुन्हा दाखल होऊ शकतो.

पीक राखण्यासाठी शेतकऱ्यांना बंदूक मिळू शकते?

रानडुकरांनी रात्रीत मक्याचे शेत आडवे केले, की हा प्रश्न पुढे येतोच. पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद कायद्यात आहे. पण परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ वेगळा लागू होतो आणि वन विभागाच्या परवानगीशिवाय प्राण्यावर गोळी झाडणे गुन्हा ठरू शकते. शेताच्या पुढे वस्ती, वाट, दुसऱ्याचे शेत असते. किलोमीटरभर जाणारी गोळी तिथे रानडुकरापेक्षा जास्त धोक्याची.

नेमबाजीची आवड असेल तर काय?

रस्ता आहे आणि तो लहान कॅलिबरचा आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक जिंकले. तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेतेपद मिळवले. दोघांच्याही हातात होती पॉइंट २२, जिचा झटका एक ज्यूलही नाही. सुरुवात तर अनेक जण १० मीटर एअर रायफलने करतात. त्यासाठी जवळच्या मान्यताप्राप्त रेंजवर किंवा रायफल क्लबमध्ये चौकशी करावी.

आणि मोठ्या रायफलीमागे झोपायचेच असेल, तर त्याचा एकच सरळ मार्ग आहे. तो भरतीच्या मैदानातून जातो.