पोराच्या भुकेला कसला भाव लावता?

व्हिएन्नातल्या म्हाताऱ्यांचं गू-मूत काढायला स्लोव्हाकियाची बाई चालते, रोमानियाची चालते. सरकारी देणंही तिच्याकडून इतरांसारखंच वसूल करतात. पण तिचं पोर तिकडं गावी, तिथं भाकर स्वस्त, म्हणून पोराचा भत्ता तोडा! ऑस्ट्रियाच्या सरकारनं १ जानेवारी २०१९ पासून हेच केलं. पोर ज्या देशात, त्या देशाच्या भावानं भत्ता. स्वित्झर्लंडमधल्या पोराचा वाढला, रोमानियातल्याचा घटला. च्यायला, आमची बायकापोरं गावाकडं असतात म्हणून गोदीतलं पोतं काही हलकं होत नाही!

आणि भावाचंच म्हणाल तर खुद्द ऑस्ट्रियात तरी खेड्याशहराचे भाव कुठं सारखे आहेत? तिथं कात्री नाही. सरकारनं परदेशी नेमलेल्या साहेबाच्या पोरालाही नाही. जन्म कुठं झाला ते बघून माणसाची किंमत करणारे आपण पिढ्यान्‌पिढ्या ओळखतो, दोस्तहो.

१६ जून २०२२ ला युरोपीय संघाच्या न्यायालयानं हा कायदा मोडीत काढला. बाहेरचा कामगार तिजोरीत तेवढंच भरतो, मग त्याला तेवढंच मिळालं पाहिजे. ‘आमच्या पैशावर बाहेरची पोरं का पोसायची’ म्हणणाऱ्यांनो, पैसा कुणाच्या घामाचा? बाई आठवडेच्या आठवडे पोर टाकून राहते, त्याचा दर तुमच्या कुठल्या तक्त्यात आहे?

तरी मी त्या न्यायालयाचे ढोल बडवणार नाही. त्याचा न्याय युरोपच्या कुंपणापर्यंतच. तिथं राबणाऱ्या आपल्या भारतातल्या माणसाचं पोर मायदेशी असेल तर सहसा भत्ता मुळातच नाही, देणं मात्र तेच. मला त्या पोराचाही भत्ता पाहिजे. पुरा.